कैदी दुसऱ्याच्या हवाली केला की जबाबदारी संपते का? ओवाम्बोलँडमधल्या एका अर्जाची गोष्ट

१९७३ च्या उत्तरार्धात, आजच्या नामिबियाच्या उत्तर टोकाला असलेल्या ओवाम्बोलँड या प्रदेशात एक प्रकार राजरोस चालू होता. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस राजकीय कार्यकर्त्यांना पकडत, काही काळ कोठडीत ठेवत, त्यांच्यावर कोणताही खटला भरत नसत, आणि मग त्यांना तिथल्या जमात-प्राधिकरणाच्या, म्हणजे सरकारमान्य जमातप्रमुख आणि त्यांच्या मुकादमांच्या, हवाली करत. त्यापुढचे काम हे प्राधिकरण करी. आरोप काय, साक्षीदार कोण, बचाव काय, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेत नसे. माणसाचे कपडे उतरवून, त्याला ओणवे करून, जमलेल्या लोकांसमोर मकलानी ताडाच्या पानाच्या मधल्या जाड दांड्याने फटके मारले जात. फटक्यांची संख्या दोन आकड्यांत असे आणि हा दांडा कातडी सोलून काढी. स्त्रियांनाही यातून सूट नव्हती. गुन्हा एवढाच, की ती व्यक्ती स्वापो किंवा डेमकॉप या, दक्षिण आफ्रिकेच्या सत्तेला विरोध करणाऱ्या, पक्षांपैकी एकाची सदस्य होती, नाहीतर तशी असल्याचा संशय होता.

त्या वर्षाच्या अखेरीस तीन माणसे विंडहूकच्या उच्च न्यायालयात गेली. एक होते रिचर्ड वुड, इंग्लंडमध्ये जन्मलेले अँग्लिकन धर्मगुरू आणि दमारालँड या धर्मप्रांताचे साहाय्यक बिशप. दुसरे लिओनार्ड आउआला, ओवाम्बो समाजातूनच आलेले लुथरन बिशप. तिसरे थॉमस कमाती, स्वापोच्या युवक संघटनेतले कार्यकर्ते. त्यांची मागणी साधी होती: जमात-प्राधिकरणाला हे थांबवण्याचा मनाईहुकूम द्यावा. मात्र दोन्ही बिशपांना स्वतःला फटके पडलेले नव्हते आणि पडण्याची शक्यताही नव्हती. मग दुसऱ्याच्या पाठीवरच्या वळांसाठी त्यांनी न्यायालयाचे दार का आणि कोणत्या अधिकाराने ठोठवावे, हा प्रश्न पुढच्या सव्वा वर्षाच्या लढाईचा गाभा ठरला. हा लेख त्या प्रश्नाविषयी आणि त्याच्यामागे दडलेल्या आणखी एका प्रश्नाविषयी आहे: सत्तेने कैदी दुसऱ्या सत्तेच्या हाती दिला, की पहिल्या सत्तेचे हात खरोखर मोकळे होतात का?

आधी प्रदेशाची कायदेशीर अवस्था समजून घ्यायला हवी, कारण ती फार गुंतागुंतीची होती. १८८४ पासून हा भाग जर्मन नैर्ऋत्य आफ्रिका नावाची वसाहत होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेने तो जिंकला आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाने तो ‘मॅन्डेट’ म्हणून, म्हणजे विश्वस्त या नात्याने सांभाळण्यासाठी, तिच्याकडे सोपवला. विश्वस्त हळूहळू मालकासारखा वागू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ संपला, पण दक्षिण आफ्रिकेने ताबा सोडला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑक्टोबर १९६६ मध्ये मॅन्डेट रद्द केला आणि २१ जून १९७१ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेची तिथली उपस्थिती बेकायदा असल्याचे मत दिले. म्हणजे वुड आणि आउआला ज्या न्यायव्यवस्थेकडे दाद मागत होते, तिला त्या भूमीवर बसण्याचाच अधिकार नाही, असे जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाचे म्हणणे होते. तरीही फटके विंडहूकच्या सत्तेखाली पडत होते आणि ते थांबवण्याची ताकद असलीच तर त्याच न्यायालयात होती, त्यामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

या भूमीत धर्मगुरूंनी सत्तेविरुद्ध अर्ज करणे नवे नव्हते. हिरेरो प्रमुख होसिया कुटाको यांना संयुक्त राष्ट्रांसमोर स्वतः जाऊ दिले जात नव्हते, म्हणून त्यांचे म्हणणे मायकेल स्कॉट या अँग्लिकन पाद्र्याने १९४९ मध्ये तिथल्या समितीपुढे मांडले. हे स्कॉट तरुणपणी मुंबईच्या बिशपांचे चॅप्लेन होते आणि पुढे नागा शांतता मोहिमेत जयप्रकाश नारायण यांच्यासोबत काम करणारे तेच. बिशप आउआला यांनीही हेगच्या मतानंतर अवघ्या नऊ दिवसांत, ३० जून १९७१ रोजी, दुसरे लुथरन चर्चप्रमुख पाउलुस गोवासेब यांच्यासह दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांना खुले पत्र लिहून आपल्या लोकांचे कोणकोणते हक्क रोज तुडवले जातात ते एकेक करून सांगितले होते. चर्चला हे सगळे ठाऊक होते, कारण ओवाम्बोलँडमधल्या शाळा आणि दवाखाने बहुतांशी मिशननेच उभारलेले होते. फिनिश मिशनरी तिथे १८७० पासून होते. फटके खाल्लेला माणूस कोठे तरी जातोच, आणि तिथे तो बहुधा चर्चच्याच माणसांना भेटतो.

हा छळ १९७३ मध्येच का वाढला, याची कारणे दोन. डिसेंबर १९७१ मध्ये विंडहूकमध्ये कंत्राटी कामगारांचा संप पेटला आणि पाहता पाहता हजारो ओवाम्बो मजूर काम सोडून गावी परतले. कंत्राटपद्धतीत मजूर स्वतः मालक निवडू शकत नसे, मध्येच काम सोडणे गुन्हा ठरे आणि बायकामुलांना सोबत नेता येत नसे. संपाला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारने ओवाम्बोलँडमध्ये आर-१७ या क्रमांकाचा आणीबाणीचा आदेश लागू केला. सभांवर बंदी आली, आरोप न ठेवता अटक करता येऊ लागली आणि जमातप्रमुखांचे अधिकार वाढवले गेले. संपकऱ्यांची बाजू घेणारे अँग्लिकन बिशप कॉलिन विंटर यांना पुढच्याच महिन्यात प्रदेशातून हाकलण्यात आले. त्यांच्या गैरहजेरीत तिथला कारभार ज्यांच्यावर येऊन पडला, ते म्हणजे वुड.

दुसरे कारण निवडणुकीचे. दक्षिण आफ्रिकेला प्रत्येक जमातीसाठी वेगळी ‘होमलँड’ उभी करायची होती, आणि १ मे १९७३ रोजी ओवाम्बोलँड ‘स्वयंशासित’ घोषित झाले. ऑगस्टमध्ये विधिमंडळाची निवडणूक ठरली. स्वापो आणि डेमकॉप यांनी बहिष्काराची हाक दिली आणि ती इतकी पाळली गेली, की मतदान तीन टक्क्यांच्याही आत राहिले. एखाद्या सरकारच्या तोंडावर याहून मोठी चपराक कल्पिणे कठीण आहे. त्यानंतर अटकसत्र आणि फटके सुरू झाले.

आता कैदी हवाली करण्याच्या कायद्याकडे वळू. दोन स्वतंत्र देशांमध्ये आरोपी सोपवण्याची जी प्रक्रिया असते, तिला प्रत्यार्पण म्हणतात. तिच्याभोवती शतकभरात काही कुंपणे उभी राहिली. ज्या कृत्यासाठी माणूस मागितला आहे, ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. ज्या गुन्ह्यासाठी तो सोपवला, त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालला पाहिजे. निव्वळ राजकीय गुन्ह्यासाठी कोणाला सोपवायचे नाही. आणि सोपवण्याआधी एका न्यायाधीशाने कागदपत्रे तपासली पाहिजेत. ही सगळी कुंपणे एकाच शंकेतून आली आहेत: समोरची सत्ता या माणसाचे काय करील, याची खात्री सोपवणाऱ्याला करून घेतलीच पाहिजे.

साम्राज्याच्या आत मात्र ही कुंपणे बरीच खुजी असत. मराठी वाचकाला याचे सर्वांत परिचित उदाहरण विनायक दामोदर सावरकर यांचे आहे. १९१० मध्ये लंडनला अटक झाल्यावर त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी दोन देशांतले प्रत्यार्पण लागलेच नाही. १८८१ चा ‘फरारी गुन्हेगार कायदा’ पुरला, जो ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी हलवण्यासाठी केलेला होता. न्यायालयात बचाव झाला, पण ‘हा राजकीय गुन्हा आहे’ या म्हणण्याला परदेशी नागरिकाच्या प्रत्यार्पणात जे वजन मिळाले असते, ते या रचनेत मिळणे अवघड होते. मार्सेलच्या किनाऱ्यावर त्यांनी बोटीतून उडी घेतली, ती पाण्याच्या अंतरापेक्षा कायद्याचे अंतर ओलांडण्यासाठी होती. साम्राज्याच्या हद्दीबाहेर, फ्रान्सच्या भूमीवर, राजकीय आश्रयाचा नियम जिवंत होता. तिथल्या पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले, आणि फेब्रुवारी १९११ मध्ये हेगच्या लवादाने ठरवले, की सुपूर्द करताना चूक झाली असली तरी त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही.

ओवाम्बोलँडमध्ये तर एवढाही सोपस्कार नव्हता. सरकारचे म्हणणे असे, की ओवाम्बोलँड स्वतःच्या कायद्याने आणि परंपरेने चालणारे एक राष्ट्र होऊ घातले आहे आणि फटके ही त्यांची जुनी रूढी आहे. हे खरे मानले, तर पोलिसांनी आपल्या कोठडीतला माणूस एका वेगळ्या सत्तेला सोपवणे हे प्रत्यार्पणासारखेच झाले आणि मग राजकीय मतासाठी माणूस सोपवता कामा नये, हा नियम कोठे गेला? खोटे मानले, तर जमात-प्राधिकरण हे दक्षिण आफ्रिकी शासनाचाच एक हात ठरते आणि त्या हाताने मारलेल्या प्रत्येक फटक्याचा जाब शासनाला द्यावा लागतो. सरकारला दोन्ही फायदे हवे होते: अटक करताना ओवाम्बोलँड आपले आणि फटके मारताना त्यांचे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मारहाण वसाहतीत नवी नव्हती. नवी होती ती मारणाऱ्याचा हात बदलण्याची सोय.

या सोयीला कायदेशीर कवचही होते. १९६७ च्या दहशतवाद कायद्याच्या सहाव्या कलमाखाली स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीच्या सुटकेचा आदेश देण्याची न्यायालयांना सरळ मनाई होती. हा कायदा मुळात नामिबियाच्याच ३७ कैद्यांवरच्या खटल्यासाठी घाईने केला गेला आणि तो पाच वर्षे मागच्या तारखेपासून लागू झाला. त्या कैद्यांना त्यांच्या भूमीतून उचलून प्रिटोरियाला नेण्यात आले होते, आणि जानेवारी १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्या नेण्याला बेकायदा म्हणून दोष दिला होता. तरी १९ जणांना जन्मठेप झालीच. पोलिसांच्या हातात असलेल्या माणसापर्यंत पोचणे न्यायालयाला इतके अवघड करून ठेवले होते. पण माणूस जमात-प्राधिकरणाच्या हाती गेला, की ती भिंत तिथे तितकी उंच उरत नव्हती. ज्या बदलाने शासनाला हात झटकता येत होते, त्याच बदलाने एक फट उघडी पडली होती आणि बिशपांचा अर्ज त्या फटीतून आत गेला.

विंडहूकच्या न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये अंतरिम मनाईहुकूम दिला. १९७४ मध्ये तो उठवला गेला. प्रतिवादींचा मोठा आक्षेप अर्जदारांच्या अधिकारावर होता. दिवाणी कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की ज्याचे नुकसान झाले त्याने दाद मागावी. शेजाऱ्याच्या बांधावर कोणी अतिक्रमण केले, म्हणून मी दावा लावू शकत नाही. हा नियम वाईट नाही, कारण तो नसता तर परक्याच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्यांनी न्यायालये भरून गेली असती. प्रश्न इतकाच होता, की माणसाचे स्वातंत्र्य आणि त्याची कातडी या बांधासारख्याच गोष्टी आहेत का.

अर्जदार अपिलात गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती रुम्फ यांनी निकाल लिहिला. हे तेच रुम्फ, ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष न्यायालयाने १९६१ मध्ये नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देशद्रोहाच्या प्रदीर्घ खटल्यातून निर्दोष सोडले होते. ते बंडखोर नव्हते, वर्णभेदाच्या व्यवस्थेतलेच न्यायाधीश होते. म्हणूनच त्यांनी उत्तर कोठे शोधले, हे पाहण्यासारखे आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याकडे न वळता ते थेट रोमन कायद्याकडे गेले. दक्षिण आफ्रिकेत डच वसाहतवाल्यांबरोबर आलेला रोमन-डच कायदा हा सर्वसाधारण कायद्याचा पाया आहे, आणि त्या कायद्यात ‘स्वतंत्र माणूस हजर करण्याचा’ एक प्राचीन आदेश आहे. कोणी स्वतंत्र माणसाला कपटाने डांबून ठेवले असेल, तर त्याने त्याला बाहेर आणून उभे करावे. कसे उभे करावे, हेही जुन्या ग्रंथात सांगितले आहे: उघड्यावर, अशा रीतीने, की लोकांना तो डोळ्यांनी दिसेल आणि हाताने चाचपता येईल. हा आदेश कोणीही मागू शकतो, कारण स्वातंत्र्याची बाजू घेण्यास कोणालाही मज्जाव करू नये, असे रोमन विधिज्ञांचे म्हणणे होते. फक्त अर्जदार डांबणाऱ्याशी संगनमत केलेला नसावा, आणि अर्जदार अनेक असतील तर त्यांतला योग्य कोण ते न्यायाधीशाने ठरवावे. आपल्याकडे राज्यघटनेने दिलेला बंदी प्रत्यक्षीकरणाचा अधिकार इंग्रजी परंपरेतून आला, पण त्या दोघांचे नाते जवळचे आहे.

अडचण अशी, की हा आदेश एका विशिष्ट, आधीच डांबलेल्या माणसासाठी होता. बिशप मात्र उद्या कोणाला पकडले जाईल हे माहीत नसताना, एका संपूर्ण गटासाठी संरक्षण मागत होते. रुम्फ यांनी जुन्या नियमाचा आत्मा धरून तो इथवर ताणला. बेकायदा पकडून तत्काळ फटके मारायचे, तर त्या माणसाला न्यायालयात यायला वेळ मिळतो कधी? ओवाम्बोलँडमधल्या ओंदांग्वापासून विंडहूक सुमारे सातशे किलोमीटर दूर. पाशवी शिक्षेची दहशत, गरिबी, आणि प्रदेशाबाहेर पडण्यावरचे निर्बंध. अशा स्थितीत पीडितानेच यावे असा हट्ट धरणे म्हणजे कायद्याचे दार नावापुरते उघडे ठेवणे. म्हणून जो स्वतः येऊ शकत नाही त्याच्यासाठी दुसरा येऊ शकतो, मात्र त्याने तीन गोष्टी पटवून द्याव्यात: संबंधित व्यक्ती स्वतः का येऊ शकत नाही, तिला दाद हवी असती असे मानायला आधार काय, आणि आपण केवळ लुडबुड करणारे नसून त्या माणसांशी आपला खरा संबंध काय. ज्यांच्या मंडळीतली माणसे मार खात होती, त्या बिशपांना तिसरी गोष्ट सिद्ध करायला फार कष्ट पडले नाहीत.

फेब्रुवारी १९७५ मध्ये अपील मंजूर झाले. स्वापो किंवा डेमकॉपचे सदस्य अथवा सहानुभूतीदार असल्याच्या, किंवा तसा संशय असल्याच्या कारणावरून कोणालाही पकडण्यास, डांबण्यास आणि फटके मारण्यास जमात-प्राधिकरणाला मनाई करण्यात आली.

या विजयाचा आकार फुगवून सांगण्यात अर्थ नाही. न्यायालयाने जमातप्रमुखांची शिक्षा देण्याची सत्ता काढून घेतली नाही, फटक्यांची शिक्षा स्वतःच अमानुष आहे असेही म्हटले नाही, आणि पोलिसांच्या कोठडीतला छळ तर या आदेशाच्या कक्षेतच नव्हता. तो पुढे वाढला. वुड यांच्या वाट्याला काय आले? निकालानंतर चार महिन्यांनी, जून १९७५ मध्ये, त्यांना प्रदेशातून हद्दपार करण्यात आले. एकाचा कैदी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून झगडणाऱ्या माणसाला सीमेपलीकडे पाठवायला कोणत्याही न्यायाधीशाच्या सहीची गरज लागली नाही.

भारतीय वाचकाला इथे एक बोचरी तुलना टाळता येत नाही. रुम्फ यांच्या निकालानंतर सव्वा वर्षाने, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की स्थानबद्ध व्यक्तीला बंदी प्रत्यक्षीकरणाची दाद मागताच येणार नाही. वर्णभेदी राजवटीचे न्यायालय ‘कोणीही दाद मागू शकतो’ म्हणत असताना लोकशाहीचे न्यायालय ‘कोणीच मागू शकत नाही’ म्हणत होते. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी वेगळे मत नोंदवले. याची भरपाई म्हणा किंवा पश्चात्ताप, पण आणीबाणीनंतर त्याच न्यायालयाने दुसऱ्यासाठी दाद मागण्याचे दार फार मोठे केले. १९८३ चे शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र सरकार हे प्रकरण त्यातले ठळक. पत्रकार बर्से यांनी मुंबईतल्या कैदी स्त्रियांच्या मुलाखती घेतल्यावर त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, आणि त्यावर बर्से यांनी लिहिलेल्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, स्त्री पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवावे, अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवावे, अशा सूचना त्यातून आल्या. बर्से यांना स्वतःला कोणी मारले नव्हते. ओवाम्बोलँडच्या बिशपांसारखाच त्यांचा अधिकार होता: जे आत आहेत ते येऊ शकत नाहीत आणि आम्ही त्यांना भेटलो आहोत.

‘हवाली केला, आता आमचा संबंध नाही’ या सबबीवर आंतरराष्ट्रीय कायद्यातला ठाम निर्णय यायला मात्र १९८९ उजाडले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सोअरिंग खटल्यात सांगितले, की समोरच्या देशात अमानुष वागणुकीचा खरा धोका असताना माणूस सोपवणारा देश स्वतःच दोषी ठरतो. त्या खटल्यात ब्रिटनला एका जर्मन तरुणाला अमेरिकेकडे सोपवायचे होते आणि प्रश्न मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत वर्षानुवर्षे कोठडीत काढण्याचा होता. ओवाम्बोलँडच्या प्रकरणात पोलिसांना असे थेट जबाबदार धरले गेले नाही. आदेश घेणाऱ्या हाताविरुद्ध झाला, देणाऱ्या हाताविरुद्ध नाही.

फटक्यांचा प्रश्न मात्र नामिबियातच मिटला. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला. नव्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने छळ आणि मानहानीकारक शिक्षा निषिद्ध ठरवल्या, आणि १९९१ मध्ये महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयाला विचारले, की शासनाच्या कोणत्याही अंगाने दिलेली शारीरिक शिक्षा या कलमात बसते का. निकाल लिहिला न्या. इस्माइल महोमेद यांनी. ते भारतीय वंशाचे होते आणि वकिलीच्या काळात ब्लूमफाँटेनच्या त्याच अपील न्यायालयात युक्तिवाद करायला जात, तेव्हा भारतीयांना त्या प्रांतात रात्री मुक्काम करण्यास बंदी असल्यामुळे संध्याकाळी त्यांना प्रांताची हद्द ओलांडून बाहेर जावे लागे. त्यांनी ठरवले, की फटके न्यायालयाने सांगितलेले असोत वा सरकारी शाळेत मारलेले, ते घटनाबाह्य आहेत. जमातप्रमुखांच्या पारंपरिक न्यायालयांनाही हा निकाल लागू झाला.